निवडलेली मुले आणि उरलेली मुले



मुलांची बुद्धी पारखण्याचे काम सरकारने हाती घेतले म्हणजे गरीब आई-बापांच्या वाट्यास काय येते, हा प्रश्न आम्ही आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. तो आम्हांस साखरखेर्ड्याच्या पालकांनी घातला. सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत एका लढाईमुळे नोंदले गेले आहे. १७२४ साली येथे निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेची सत्ता कोणाच्या हाती राहावी ते ठरले. त्या लढाईत आपल्या पूर्वजांनी कोणाच्या छावणीची ओझी वाहिली हे कोणी लिहून ठेवले नाही, आणि आज त्याचे आम्हांस प्रयोजनही नाही. आज या गावात आणि अशाच शेकडो गावांत दरवर्षी निराळीच झुंज होते. ती नऊ-दहा वर्षांची लेकरे झुंजतात, दोन तासांत, गोल काळे करावयाच्या एका कागदावर. आणि तिचा घाव मात्र घरी आई-बापांना लागतो.

काही पालकांचे बोलणे आम्ही ऐकले ते येथे देतो. त्यांची नावे देण्याचे कारण नाही.

एक शेतमजूर माता. तिची मुलगी परिसरातील एका शाळेत पाचवीपर्यंत वर्गात पहिली. हिशेब तोंडी करी, दुकानदार चुकला तर तेथल्या तेथे सांगे. ही माउली म्हणाली, “दादा, पोरगी हुशार हाये हे साऱ्यायले ठाव होतं. पन तो फारम असते, हे मले कोनी सांगतलं नाही. ती सहावीत गेली तवा कळलं. मंग कळून काय उपेग?” त्या शाळेत चार मुलांचे अर्ज भरले गेले होते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता असे ती बाईच सांगत होती, आणि आम्हीही तसेच मानतो. ज्यांच्या घरून विचारणा झाली त्यांचे अर्ज भरले गेले. हिच्या घरून कोणी विचारले नाही, म्हणून हिचा राहिला. सकाळी निंदणीला गेलेली आणि दिवस मावळताना परतलेली आई शाळेत केव्हा विचारणार, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसरे गृहस्थ सुदैवी. त्यांचा मुलगा निवडला गेला आणि शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात दाखल झाला. चिखली, खामगाव करीत शेगाव गाठायचे, म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे. पहिला महिना मुलगा रडला, घरी त्याची आई जेवली नाही. नंतर तो रमला, आणि आता सुटीत घरी आला की धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतो. हे सांगताना त्या बापाचा चेहरा जो फुलला होता तो आम्ही विसरणार नाही.

परंतु आम्ही ज्यासाठी लेखणी उचलली ते तिसऱ्या पालकाचे बोलणे होय. हा गवंडी. मुलाला परीक्षेला बसवायचे म्हणून त्याने तालुक्याच्या गावी खासगी वर्ग लावला, त्यासाठी उसनवारी केली. मुलगा निवडला गेला नाही. बाप पुढे महिनाभर त्या मुलाशी बोलला नाही. शेजारच्या मुलाचे पेढे वाटले गेले त्या दिवशी तर त्याने मुलाला साऱ्यांदेखत ‘ढ’ म्हटले. आता तो मुलगा सातवीत आहे आणि पुस्तक उघडीत नाही. “मीच त्याची पाटी फोडली, साहेब,” असे तो गवंडी म्हणाला. आम्हांस त्यावर बोलता आले नाही.

वाचकहो, ही सारी व्यवस्था आहे तरी काय, हे नीट समजून घेतल्याखेरीज तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात हुशार मुलांना वेचून काढण्याची जुनी पद्धत म्हणजे शिष्यवृत्तीची परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. प्रथम भाषा व गणित यांची एक पत्रिका, तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी यांची दुसरी. एकूण गुण ३००. ही परीक्षा पूर्वी चौथीत व सातवीत होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवीत व आठवीत घेतली जाऊ लागली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने केला. हा केवळ कागदोपत्री बदल समजू नका. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच असतात. परीक्षा पाचवीत गेली तेव्हा चौथीच्या गुरुजींना वाटले की हे आपले काम नव्हे, आणि पाचवीच्या नव्या शाळेतील गुरुजींना मूल जेमतेम ओळखू येईतो परीक्षेचा दिवस उजाडे. मधल्या मध्ये जे मूल सांडले ते खेड्यातले.

पुढे १९६० च्या दशकात ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने निघाली. पुण्यास १९६२ साली ज्ञानप्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. तो शहरातला आणि खासगी. खेड्यापाड्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचली ती नवोदयची योजना. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला आकार दिला. परंतु पहिली दोन विद्यालये त्याआधीच, १९८५-८६ मध्ये, प्रयोगादाखल निघाली होती. त्यातील एक हरियाणातील झज्जरचे, आणि दुसरे आपल्या वऱ्हाडातील अमरावतीचे. म्हणजे या कल्पनेची पायाभरणी आपल्या अंगणातच झाली. आणि तरीही साखरखेर्ड्याच्या त्या मातेपर्यंत तिची वार्ता पोचावयास इतकी वर्षे पुरली नाहीत!

नवोदयाचे नियम प्रत्येक पालकाने पाठ करावेत असे आहेत. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांच्या, निदान एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जातींसाठी किमान १५ टक्के, जमातींसाठी किमान साडेसात टक्के. जिल्ह्यातील लोकसंख्येचे प्रमाण त्याहून अधिक असेल तर जागाही त्या मानाने अधिक. ८० जागा असतील तर आपल्या मुलांच्या किमान १२ झाल्या. परीक्षा १०० गुणांची, प्रश्न ८०, वेळ दोन तास. त्यातील निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिचाचणीचे, उरलेले अंकगणिताचे आणि भाषेचे. परीक्षा मराठीतून देता येते. अर्जाला पैसा लागत नाही. राहणे, जेवणे, पुस्तके, गणवेश यांचा भार सरकारवर. नववीपासून विकास निधी म्हणून थोडी रक्कम घेतात, ती अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि सर्व मुलींना माफ आहे. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषक प्रदेशातील विद्यालयात पाठवितात आणि तिकडची मुले इकडे येतात. हे आधी माहीत नसलेल्या आईचा जीव तेव्हा घाबरा होतो, म्हणून सांगून ठेवतो.

दोन अटी विशेष ध्यानी धरा. मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मान्य शाळेत अखंड पूर्ण केलेली असावीत. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. पहिली अट वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ती कुटुंबे उभी राहिली, जी दिवाळीनंतर ऊसतोडीला अगर वीटभट्टीवर जातात आणि पोरांना बैलगाडीत, टेम्पोत घालून नेतात. त्यांच्या मुलाची हजेरी तुटली की परीक्षेच्या दारापर्यंत जाण्याचा रस्ताच तुटला. शक्य असेल तर मुलाला आजीजवळ ठेवा, नातलगांत ठेवा, हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे आम्ही जाणतो. ज्या घरात आजी नाही आणि नातलगही कोयता घेऊन गेले आहेत त्या घराला आमच्याजवळ उत्तर नाही. ते सरकारने द्यावयाचे आहे.

आता हिशेब करून पाहा. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके. ८० जागा वाटल्या तर तालुक्यास सरासरी सहा मुले. एका तालुक्यात पाचवीत शिकणारी मुले किती, हे कोणत्याही केंद्रप्रमुखाला विचारा; तो आकडा शंभरात मावत नाही, हजारांत जातो. म्हणजे सहा मुलांसाठी उत्तम शाळा, उत्तम भोजन, प्रयोगशाळा, वाचनालय. आणि बाकीच्या साऱ्यांसाठी दोन शिक्षकांवर चालणारे चार वर्ग! त्या दोन शिक्षकांतील एक निवडणुकीच्या यादीवर, दुसरा माहितीचे तक्ते भरण्यात. आम्ही नवोदयाविरुद्ध नाही. आम्ही एवढेच म्हणतो की सहा मुले वेचली म्हणून उरलेल्यांचे देणे फिटले, असे कोणी समजू नये.

बुद्धी मापण्याच्या या विद्येचा उगम कोठे आहे, हे थोडे सांगितले पाहिजे. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने थिओदोर सिमाँ याच्या साहाय्याने मुलांसाठी पहिल्या कसोट्या रचल्या. त्या कशासाठी? वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना अधिक साहाय्य देता यावे यासाठी. मूल मोजून त्याच्यावर कायमचा शिक्का मारावा हे बिनेला मान्य नव्हते. बुद्धी वाढविता येते असे तो मानी. पुढे अमेरिकेत १९१६ साली टर्मनने त्याच कसोट्यांना निराळे वळण दिले आणि मुलांची उतरंड रचण्याचे ते साधन झाले. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या मराठी व कानडी मुलांसाठी बसविल्या. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्र शिकलेल्यांच्या परिचयाचे आहे. उतरंड हा शब्द आम्ही जाणून वापरला. ज्यांनी एक उतरंड मोडण्यासाठी धर्म बदलला, त्यांनी दुसऱ्या उतरंडीत आपले मूल कोणत्या मडक्यावर बसते एवढेच पाहत बसावे काय?

अमेरिकेतीलच एक अनुभव आपल्या फार कामाचा आहे. फ्लॉरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्यात सरकारी प्राथमिक शाळांतील बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र वर्ग होते. तेथे मुलाचे नाव शिक्षकांनी किंवा पालकांनी सुचवावे, मग त्याची कसोटी व्हावी, अशी रीत होती. त्या वर्गांत काळी आणि स्पॅनिश भाषक गरीब मुले फार थोडी दिसत. २००५ साली तेथील अधिकाऱ्यांनी दुसरीतील प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घेण्यास आरंभ केला. कोणी नाव सुचवो वा न सुचवो, सगळ्यांची. परिणाम असा झाला की त्या गरीब मुलांची संख्या पुष्कळ वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली याचे संशोधन प्रसिद्ध केले. मुले तीच होती, त्यांची बुद्धी तीच होती. पूर्वी त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते, इतकेच. आणि पुढे पैशाच्या टंचाईने ती सार्वत्रिक चाचणी आवरती घेतली गेली तेव्हा संख्या पुन्हा घसरली! साखरखेर्ड्याची ती माता आणि ब्रॉवर्डची काळी माता यांना एकमेकींचे नाव ठाऊक नाही, परंतु दोघींचे दुःख एकाच जातीचे आहे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की पाचवीतील प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेने भरलाच पाहिजे. ‘निघेल’ असे मूल निवडून मग त्याला परीक्षेला बसविणे म्हणजे परीक्षेच्या आधी परीक्षा घेणे होय, आणि ती घेण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्या समितीच्या सभेत हा ठराव मांडा, लेखी मांडा, त्याची नक्कल ठेवा.

आमचे काही सुशिक्षित वाचक म्हणतील, निवड वाईट कशी? नालंदेच्या महाविहारातदेखील दारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांतील सात-आठ जण परत फिरत, असे ह्यूएनत्संग लिहून गेला आहे. गोष्ट खरी. परंतु नालंदेच्या दाराशी येणारे वाढत्या वयाचे, पुष्कळ शिकून आलेले, दूरदेशींहून स्वतःच्या इच्छेने आलेले असत. दहा वर्षांच्या मुलाला दारातून परतवून त्याच्या कपाळी काही लिहावे, असे तेथे नव्हते. आणि भगवान बुद्धांच्या संघात तर याच्या उलट घडलेले आपण वाचतो.

चूळपन्थकाची कथा तुमच्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. दोघे भाऊ भिक्खू झाले. थोरला महापन्थक तीक्ष्ण बुद्धीचा. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला सांगितले, तू या संघाला अयोग्य आहेस, घरी जा. तो दाराशी रडत उभा असता भगवंतांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला दुसरी गाथा पाठ करावयास दिली नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा हाती दिला, तो सूर्याकडे तोंड करून चोळीत बसावयास सांगितले. कापड मळत गेले. आणि जे स्वच्छ होते ते स्पर्शाने कसे मळते, हे पाहता पाहता त्याला ज्ञान झाले. तो अर्हत झाला. आम्ही ही कथा पालकांना चमत्कार म्हणून सांगत नाही. त्यात शिकविण्याची एक पद्धत आहे. पाठांतराने जे उघडत नव्हते ते हाताने आणि डोळ्यांनी उघडले. चूक थोरल्या भावाच्या मोजमापात होती, धाकट्याच्या बुद्धीत नव्हती. आणि लक्षात घ्या, ‘घरी जा’ म्हणणारा परका नव्हता, सख्खा भाऊ होता. गवंडीबंधूंनी जे केले तेच त्याने केले.

पूज्य बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा अभिमान आपण सारेच बाळगतो. परंतु किती जणांस ठाऊक आहे की १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते? शेकडा अडतीससुद्धा नाहीत! गुणानुक्रमाने यादी केली असती तर ते नाव कोणाच्या नजरेस पडले नसते. परळच्या एका खोलीत सारे कुटुंब, पहाटे बापाने उठवून बसवायचे, दिव्याच्या उजेडात वाचायचे. शाळेत संस्कृत शिकवावयास नकार, म्हणून फारसी घ्यायची. अशा स्थितीत ते २८२ गुण आलेले होते. केळुस्कर गुरुजींनी गुणपत्रिकेकडे पाहिले नाही, मुलाकडे पाहिले. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात गेला. तेव्हा तुमच्या मुलाचा क्रमांक यादीत नसेल त्या दिवशी हा २८२ चा आकडा घरात मोठ्याने सांगा.

त्याच बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणावर बोलताना दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठरा पोचतात आणि बाकीची निरक्षरतेत परत जातात. त्यांनी अठरांचे कौतुक केले नाही, ब्याऐंशींचा हिशेब मागितला. आज मुले चौथीपर्यंत पोचतात हे खरे; परंतु पोचलेल्या मुलाला भागाकार येतो काय, धडा वाचून सांगता येतो काय, हा हिशेब मागण्याचे काम आपले आहे.

मुलींच्या संबंधात थोडे वेगळे बोलावे लागते. मुलगी निवडली गेली तर आई-बाप कचरतात, एवढ्या लांब पोरीला कशी ठेवायची? भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु १८५५ साली, पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या कोवळ्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. तिच्या बुद्धीची परीक्षा घ्यायला कोणते मंडळ नव्हते. शाळा होती, आणि मुलीला तेथवर पाठविण्याचे धैर्य घरात होते. वसतिगृहाला आधी भेट द्या, तेथील बाईंशी बोला, इतर मुलींच्या पालकांना गाठा, आणि मग निर्णय करा. शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून करू नका.

आता हक्काचे एक बोलणे. नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे आम्हांस वारंवार विचारतात, बौद्ध झालो, आता मुलाची सवलत गेली काय? नाही, गेली नाही. महाराष्ट्राने १९६० सालीच राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या, आणि १९९० च्या दुरुस्ती कायद्याने केंद्रातही अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा हक्क मान्य झाला. परंतु हक्क कायद्यात असून भागत नाही, तो दाखल्यावर उतरावा लागतो. शाळेच्या नोंदवहीत धर्म ‘बौद्ध’ जरूर लिहा, अभिमानाने लिहा. मात्र मूळ अनुसूचित जातीची नोंद रिकामी सोडू नका. ती रिकामी राहिली की अर्ज भरणारा माणूस ‘सर्वसाधारण’ या रकान्यात खूण करून मोकळा होतो आणि दुरुस्तीची मुदत थोडी असते. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवालबुकाची नक्कल, यांपैकी जे सापडेल ते आजच शोधा. जुन्या कागदावरील ती जात वाचताना मनाला लागते, हे आम्ही समजतो. तो अपमान नव्हे, तो पुरावा आहे. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा मूल तिसरीत असतानाच हे काम हातावेगळे करावे.

तयारीविषयी एवढेच, की कर्ज काढून वर्ग लावू नका. या परीक्षेतील आकृत्यांचे प्रश्न अवघड असतात असे नाही, ते अनोळखी असतात. रांगेत वेगळी आकृती कोणती, आरशात ती कशी दिसेल, घडी घातलेला कागद उलगडल्यावर छिद्रे कोठे पडतील, हे ज्याने पन्नास वेळा पाहिले त्याला ते परीक्षेत भिववीत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. गावातील विहारात संध्याकाळी एक दिवा, एक फळा आणि महाविद्यालयात जाणारी दोन मुले-मुली बसली तर हा वर्ग चालतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले तेव्हा तिच्या तिजोरीत फार काही नव्हते. आणि या वर्गात नवोदयवाल्यांनाच नव्हे, पाचवीच्या सगळ्या पोरांना बसू द्या. ज्याचे नाव यादीत लागणार नाही त्यालाही वर्षभराचे गणित आणि वाचन पदरी पडेल. परीक्षा एकदाच देता येते म्हणून निराश होणाऱ्यांस हेही सांगा की आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. ती सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच असते आणि नववी ते बारावी वर्षास १२,००० रुपये मिळतात. घराचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे एवढी अट आहे.

निवडल्या गेलेल्या मुलांच्या पालकांनाही एक शब्द. १९५६ च्या मार्चमध्ये आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या लोकांनी आपली निराशा केल्याची खंत बोलून दाखविली होती. ते भाषण दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर लादू नका, त्याला आधी शिकू द्या, खेळू द्या. पण सुटीत तो गावी आला म्हणजे त्या संध्याकाळच्या वर्गात त्याला बसवा. बहिणीला शिकविणाऱ्या त्या मुलाचे वर आम्ही लिहिले आहे. शेजारच्या, न निवडलेल्या मुलालाही त्याने आकृत्या समजावून द्याव्यात असे आम्ही त्याच्या वडिलांना सुचविले, आणि ते त्यांनी आनंदाने मान्य केले.

त्या गवंडीबंधूंकडे आम्ही परत गेलो होतो. बोलणे फारसे झाले नाही. मुलगा बापाबरोबर कामावर आला होता, सुटीचा दिवस होता. भिंतीला किती विटा लागतील ते बाप मोजत होता; मुलाने लांबी-उंची विचारली आणि बापाच्या आधी आकडा सांगितला. बापाने आमच्याकडे पाहिले, आणि मग त्यानेच मुलाला दुसऱ्या भिंतीचा हिशेब घातला.

शेतमजूर मातेची धाकटी मुलगी या वर्षी चौथीत आहे. पाचवीत गेली की त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास अर्ज निघतात, ते संगणकावर भरावे लागतात, त्यावर मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र, फोटो, मुलीची आणि पालकाची सही लागते, हे आम्ही तिला दोनदा सांगितले. “सई मले येते,” ती म्हणाली, आणि विसरू नये म्हणून तिने पदराला गाठ मारली.